मासोळीचे खवले

काम सुरू करण्याआधी सुनिलचा उजवा हात आपोआप कपाळाकडे जायचा. चष्मा वर ढकलायचा, मान खाली घालायची आणि पोलादाचा ठोकळा जवळजवळ नाकाला टेकवायचा, ही त्याची कित्येक वर्षांची सवय. आता नाकावर चष्माच नव्हता. तरी हात जायचा, कपाळावरून रिकामाच फिरून खाली यायचा, आणि शेजारी बसलेला मनिष न चुकता विचारायचा, "सुनिलदादा, माशी होती काय?"

सगळे हसायचे. सुनिलही हसायचा. पण हसताना तो काय लपवतोय, हे त्या हिवाळ्यात कारखान्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारखाना म्हणजे डहाणूजवळच्या वरोरमधली पत्र्याची एक लांबट शेड. खिडक्यांना लागून कारागीर ओळीने बसायचे आणि दागिन्यांच्या डाय कोरायचे. डाय म्हणजे पोलादात उलटं कोरलेलं चित्र. दागिन्यात जे उठून दिसायला हवं, ते इथे खोल जातं. वर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की पत्र्यावर पान उठतं, फूल उठतं, मण्यांची ओळ उठते. एकदा डाय चांगली झाली की तिच्यातून तेच फूल हजारो वेळा उमलतं. आणि कोरताना एक रेघ चुकली तर ती चूकही हजारो गळ्यांत जाऊन बसते. म्हणून या कामात हाताइतकाच डोळा लागतो.

आणि डोळा ही तर सुनिलची ख्याती. चाळिशी ओलांडलेले बाकीचे सगळे एका डोळ्याला भिंग लावून बसत. सुनिलला कधी भिंग लागलं नाही. लांबचं बघायला त्याला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा, पण तो वर ढकलला की उघड्या डोळ्यांनी त्याला जे दिसायचं ते इतरांना भिंगातूनही दिसत नसे. तो भिंगवाल्यांची खोड काढायचा. "आलं का म्हातारपण?" म्हणायचा. नवीन पोरं त्याच्या शेजारी बसायला धडपडायची.

सुनिल वरोरच्या मागच्या पाड्यावरचा. बाप रघ्या वाड्यांमधून मजुरी करायचा. माडाची आळी करायची, चिकू उतरवायचे, कुंपणं बांधायची. सुनिल शाळेत गेला, पण शाळा त्याला लाभली नाही. फळ्यावर काहीतरी लिहिलेलं असतं आणि ते बघून बाकीची पोरं उत्तरं देतात, हे त्याला दुसरी संपेपर्यंत कळलंच नव्हतं. त्याला वाटायचं, उत्तरं त्यांना घरून शिकवून पाठवत असतील. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी त्याला आधी पहिल्या रांगेत बसवलं, मग फळ्याच्या अगदी पायथ्याशी, आणि मग हळूहळू त्याला काही विचारायचंच सोडून दिलं.

पण जवळचं जग त्याचं होतं. मुंगीच्या पायांवरचे केस त्याने पाहिले होते. भाताच्या लोंबीतून लोंबणारे पांढरे तुरे, करवंदाच्या चिकात अडकलेला चिलटाचा पंख, आईच्या बोटांच्या रेषांमध्ये राहून गेलेली हळद, हे सगळं त्याला स्वच्छ दिसायचं. सगळ्यांनाच असं दिसतं असं तो धरून चालला होता.

तो अकरा वर्षांचा असताना रघ्या हिराबाईच्या घराचं कुंपण बांधायला गेला आणि पोराला सोबत घेऊन गेला. हिराबाईचा नवरा डायचं काम करायचा. तो गेल्यावर तिने त्याच्याच छिन्न्या हातात घेतल्या आणि ओटीवर खिडकीपाशी बसून काम पुढे चालवलं. तेव्हा बाई कोरायला बसते याचं लोकांना नवल वाटायचं. वर्षा-दोन वर्षांत नवल संपलं आणि कामं येत राहिली. त्या दिवशी तिने नुकतीच पुरी झालेली डाय उन्हात ठेवली होती. पोराने ती उचलून नाकाला लावली आणि सांगून टाकलं की ह्या पाकळीला ओरखडा आहे.

हिराबाईने डाय घेतली, बघितली, पुन्हा बघितली. मग त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून सुनिल तिच्या ओटीवर.

तिची शिकवायची पद्धत तऱ्हेवाईक होती. स्वतः काही सांगायची नाही, त्यालाच विचारायची. सांग, ह्या पानाच्या शिरा कुठपर्यंत जातात? हा मणी गोल आहे का एका बाजूला चपटला? माझी रेघ कुठे हलली? तो डोळा लावून सांगायचा आणि ती ऐकून छिन्नी धरायची. चुकीचं सांगितलं तर तिला कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं, आणि डोक्यात टपली बसायची. टपलीनंतर गूळ-खोबरं. पोराला ही रोजची परीक्षा आवडायला लागली. शाळेत न विचारलेले सगळे प्रश्न जणू इथे साठवून ठेवले होते.

मासोळीचं काम आलं तो दिवस त्याला अजून आठवायचा. कोल्हापुरी साजात निरनिराळी पानं ओवलेली असतात, त्यात एक मासोळी असते. नखाएवढी. मुंबईच्या शेटने सांगितलं होतं की खवले असे उठले पाहिजेत की मासा आत्ताच पाण्यातून काढला असं वाटावं. हिराबाई बंदरावर गेली आणि एक ताजी बोय घेऊन आली. केळीच्या पानावर ठेवली आणि म्हणाली, बघ आणि सांग.

तो पालथा पडून त्या माशाला नाक लावून बसला. वास यायचा, माशा घोंगावायच्या, पण त्याला भान नव्हतं. एकेक खवला म्हणजे दुनियाच होती. कडेला बारीक दाते, आणि आत रेषा, बोटाच्या ठशावर असतात तशा, एकीत एक गेलेल्या. प्रत्येक खवला पुढच्या दोघांच्या फटीवर बसलेला, कौलांसारखा. तो सांगत गेला, हिराबाई कोरत गेली. शेवटच्या बारीक रेषा तिने त्याच्याकडूनच मारून घेतल्या. संध्याकाळी बोयीचं कालवण झालं, आणि हिराबाईने त्याच्या पानात डोक्याचा तुकडा वाढला. तो मान मिळाल्यासारखं घरी जाऊन सांगत होता.

चष्मा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, डहाणूच्या एका शिबिरात. तो लावून बाहेर आला तेव्हा माडाच्या झावळीला सुटी सुटी पाती असतात हे त्याने पहिल्यांदा पाहिलं आणि रस्त्यातच थांबून राहिला. तेव्हापासून त्याची दोन जगं झाली. चष्मा खाली, लांबचं जग. चष्मा वर, जवळचं. मधल्या मधे एक हात फिरायचा.

लेझरची गोष्ट काढली ती मेहुण्याने. पुष्पाचा, म्हणजे सुनिलच्या बायकोचा, धाकटा भाऊ मुकेश तलासरीला राहायचा आणि हायवेवर टेम्पो चालवायचा. त्याने गुजरातेत जाऊन चष्म्याचा नंबर घालवून घेतला होता आणि तेव्हापासून तो जगाचे चष्मे काढायला निघाला होता. त्याचं काम छान झालं होतं, यात खोटं काही नाही. पावसात काच पुसायची कटकट गेली, म्हणायचा, गाडी चालवताना देव आठवत नाही आता. सुनिलला मोटरसायकलवर खारा वारा चष्म्यावर चिकटायचा, हेल्मेटमध्ये दांड्या टोचायच्या. पुष्पाही म्हणाली की लग्नाच्या फोटोत ह्यांचे डोळे मी पाहिलेलेच नाहीत, नुसत्या दोन काचा आहेत. दोन हजार सतराच्या दिवाळीनंतर तो मुकेशबरोबर गेला.

तिथली डॉक्टर वयाने तरुण, पण सावकाश बोलणारी. तिने सगळं समजावून सांगितलं. काही महिने दिव्यांभोवती कडी दिसतील, डोळे कोरडे पडतील. आणि तुमचं वय चाळीसच्या पुढे आहे, तेव्हा वाचायला वगैरे जवळचा चष्मा लागेल. सुनिल हसला. म्हणाला, "मॅडम, मी कुठे वाचतो?" काय काम करता, असंही तिने विचारलं होतं. त्याने कारखान्यात म्हणून सांगितलं. डाय म्हणजे काय हे समजावत बसायचं म्हणजे फार वेळ जातो, असा त्याचा अनुभव होता.

त्याच्या मनात गोष्ट सरळ होती. लांबचं दिसत नाही हा एक दोष, जवळचं दिसतं ही एक देणगी. दोष काढून टाकायचा, देणगी आहे तिथे आहे. ह्या दोन गोष्टी एकच असतील असं त्याला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

लांबचं मिळालं, ते भरभरून मिळालं. सकाळी उठून दारात आला तर उगवतीला महालक्ष्मीच्या डोंगराचं टोक कोरून ठेवल्यासारखं दिसत होतं. माडांची पाती मोजता येत होती. समुद्रावर गेला तर होड्यांची निशाणं ओळखू आली. पाड्यावरची माणसं बघायला आली. कोणी बोटं दाखवायचं, कोणी लांब जाऊन उभं राहून विचारायचं, माझ्या हातात काय आहे? पुष्पा त्याच्याकडे बघून म्हणाली की तुमचे डोळे पिंगट आहेत, मला माहीतच नव्हतं. संध्याकाळी थर्मल वीजकेंद्राच्या चिमणीवरच्या लाल दिव्यांना काटेरी फुलं आलेली दिसायची, पण डॉक्टरने सांगितलंच होतं, आणि महिन्यामहिन्याने ती फुलं कोमेजत गेली.

मग तो कामावर गेला. हात कपाळाकडे गेला, मान खाली गेली, ठोकळा नाकाशी आला. आणि तिथे धुकं होतं. ठोकळा जितका जवळ घ्यावा तितकं धुकं दाट. हात लांब करावा तर कडा दिसायच्या, पण मग काम इतकं दूर जायचं की त्यात कोरायचं काय? त्याने स्वतःला समजावलं की सूज असेल, उतरेल. सूज उतरली. कडी गेली, कोरडेपणा गेला. जवळचं काही परत आलं नाही.

वर्षभर त्याने निभावून नेलं. मोठी फुलं, जाड पानं, ढोबळ काम स्वतःकडे ओढायचं. बारीक मणीकाम आलं की, पोरांना शिकू दे, म्हणून मनिषकडे सरकवायचं. लोकांना वाटलं, सुनिलदादा मोठ्या मनाचा. घरी भाताच्या ताटात खडा आला तर तो दाताखालीच कळायचा. बोटात काटा गेला की पुष्पाकडे जायचा. पूर्वी सगळ्या पाड्याचे काटे तो काढायचा.

दोन हजार अठराच्या अखेरीस मुंबईहून शेटचा फोन आला. म्हातारा शेट गेला होता, त्याचा मुलगा बोलत होता. साजाच्या मासोळीची जुनी डाय तडकली. तीस वर्षं चालली, आता गेली. तशीच हवी, अगदी तशीच, खवल्याला खवला. होळीपर्यंत झाली तर ठीक, नाहीतर राजकोटला कॉम्प्युटरवर करून घेतो, तिकडे बारीक काम चांगलं होतं म्हणतात. कारखान्यात सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळे सुनिलकडे बघायला लागले. ती मासोळी दुसरं कोण करणार?

सुनिल हो म्हणाला.

पहिला ठोकळा त्याने सकाळच्या उजेडात घेतला. माशाचं अंग छान उतरलं, शेपटीला ऐट आली. खवले कोरायला घेतले आणि रेघा एकमेकींवर चढल्या. त्याला त्या चढलेल्या दिसल्याही नाहीत; मनिषने दुसऱ्याच कशासाठी तरी भिंग फिरवताना पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या ठोकळ्यात त्याने खवले मोठे घेतले. तो मासा खेळण्यातला वाटायला लागला. मनिषचं भिंग शेजारीच पडलेलं असायचं. हात लांब केला की झालं. पण पंधरा वर्षं ज्यांना म्हातारे म्हणून हिणवलं त्यांच्यासमोर तो हात लांब होत नव्हता.

तेव्हा तो मुकेशकडे गेला, पुन्हा डॉक्टरकडे नेशील का म्हणून. तलासरीच्या बाजूला तेव्हा जमीन हलत होती. रोज एखादा तरी धक्का बसायचा, आणि लोक घरं असून अंगणात प्लास्टिकच्या कापडाखाली राहत होते. सासूने चूल बाहेर मांडली होती. मुकेशने त्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, आमचं आख्खं घर हलतंय, तुमच्या दोन रेघा हलल्या तर एवढं काय?" पण चेहरा बघून पुढे थट्टा केली नाही. मुकाट्याने टेम्पो काढला.

डॉक्टरने तपासलं. तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ त्याने धडाधडा वाचली. तिने सांगितलं की डोळे उत्तम आहेत. मग त्याने खिशातून एक डाय काढून तिच्यापुढे ठेवली आणि पहिल्यांदा आपलं काम काय ते सांगितलं. तिने ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग तसंच सावकाश समजावलं. तुमचा जो नंबर होता ना, तेच तुमचं भिंग होतं. लांबचं अंधुक आणि जवळचं स्वच्छ, दोन्ही त्याच्यामुळेच. नंबर गेला, त्याच्याबरोबर तेही गेलं.

"परत देता येईल का?" सुनिलने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "चष्मा देता येईल. जवळचा."

येताना त्याने चष्मा घेतला. खिशात ठेवला. ज्या माणसाचा चष्मा गेला म्हणून पाड्याने पेढे खाल्ले, त्याने कोणत्या तोंडाने चष्मा लावून शेडमध्ये शिरायचं? तिसरा ठोकळा त्याने चष्म्याशिवायच कोरला. हाताच्या आठवणीवर. रेघा मोजून, अंदाजाने. या वेळी त्याला वाटलं, जमलं. ऊन लाखेचा गोळा डायवर दाबून त्याने ठसा उठवला. पोलादाला अजून पाणी पाजलं नव्हतं. एकदा पाणी पाजून पोलाद कडक झालं की मग काही सुधारता येत नाही. म्हणून आधी कुणाला तरी दाखवायला हवं होतं. तो ठसा रुमालात गुंडाळून हिराबाईकडे गेला.

हिराबाई तशीच ओटीवर बसली होती, अठ्ठ्याहत्तरीची. छिन्न्या कधीच्या ठेवून दिल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची. सुनिलला तिने पावलांवरून ओळखलं. पुष्पा कशी आहे, पोरं कशी आहेत, सगळं विचारून झालं. मग त्याने सांगितलं की बाय, मासोळी पुन्हा केली, आपलीच. आणि ठसा तिच्या तळव्यावर ठेवला.

तिने तो डोळ्यांजवळ नेलाच नाही. खालच्या ओठाला लावला. मासा शेपटीकडून डोक्याकडे फिरवला, मग डोक्याकडून शेपटीकडे.

"सुन्या," ती म्हणाली, "हा मासा सोललेला आहे."

तो हातातल्या रुमालाची घडी घालायला लागला.

"उलटा फिरवला की खवले ओठाला अडकले पाहिजेत. हे नुसतेच घसरतात. कोणी केला?"

"मी केला, बाय."

"तुला दिसत नाही?"

मग त्याने सगळं सांगितलं. लेझर, धुकं, मनिषकडे सरकवलेली कामं, खिशातला चष्मा. सांगताना तो अकरा वर्षांचा असल्यासारखा खाली बघत होता, टपलीची वाट बघत. ऐकता ऐकता हिराबाईच्या अंगाला हिसके बसायला लागले. त्याला वाटलं, ती रडतेय. ती हसत होती.

"तू आलास तेव्हा मी पंचेचाळीसची होते," ती म्हणाली. "माझे जवळचे डोळे कधीच गेले होते. त्या पाकळीवरचा ओरखडा मला दिसलाच नव्हता. नंतरही दिसला नाही. नखाने लागला."

सुनिलने वर पाहिलं.

"मग ती बोय? ती आणलीस, मला बघायला लावलंस—"

"मला खवला म्हणजे नुसता चकाकणारा ठिपका दिसत होता. तू बोललास म्हणून मला कळलं की आत रेषा असतात."

तो त्या जुन्या ओटीकडे बघत राहिला. सगळे प्रश्न पुन्हा एकदा कानात आले. शिरा कुठपर्यंत जातात, मणी चपटला का, रेघ कुठे हलली. इतकी वर्षं त्याने त्या दिवसांना परीक्षा समजून जपून ठेवलं होतं, आणि ती बाई खरंच विचारत होती. तिला खरंच माहीत नव्हतं.

"म्हणजे शिकवत नव्हतीस तू मला?" तो म्हणाला.

"शिकवत होते की. आणि बघूनही घेत होते. एका पोरात दोन कामं होत असतील तर दोन पोरं कशाला ठेवा?"

मग ती गंभीर झाली. म्हणाली की तू मोठा होऊन कारखान्यात गेलास, त्यानंतर माझ्याकडे डोळे कोणाचे होते? भिंग होतं, चष्मा होता, दोन्ही एकदम लावायची. वर ओठ होता. ओठ फसवत नाही, त्याला उजेड लागत नाही. त्यावर मी वीस वर्षं कामं केली आणि कुठल्या शेटला समजलं नाही. तिने ठसा त्याच्या हातात परत दिला आणि त्याचा हात धरून त्याच्याच ओठाशी नेला. लाख गुळगुळीत होती. मासा खरंच घसरत होता.

"आता खिशातला चष्मा काढ," ती म्हणाली. "तोंड दाखव तुझं चष्म्यातलं. मला दिसणार नाहीच, पण काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनिलने शेडमध्ये सगळे बसल्यावर चष्मा काढून नाकावर चढवला. हात कपाळाकडे जायला निघाला आणि वाटेत थांबला. आता वर ढकलायचं काही नव्हतं, उलट खाली धरून ठेवायचं होतं. क्षणभर शेडमध्ये हातोड्या थांबल्या. मग मनिष म्हणाला, "आलं का म्हातारपण?" आणि आपलंच वाक्य आपल्याला परत मिळालं म्हणून सुनिल पहिल्यांदा मोकळा हसला. त्याने मनिषकडे हात लांब केला. मनिषने काही न विचारता भिंग त्याच्या तळव्यावर ठेवलं.

काम सोपं झालं नाही. चष्म्यावर भिंग धरलं की मान आखडायची, पोलादाची चकाकी काचांमध्ये नाचायची, आणि मासा एका वेळी सगळा कधीच दिसायचा नाही. एक खवला, मग दुसरा. पूर्वी तो माशात शिरून बसायचा. आता दाराबाहेर उभं राहून फटीतून बघितल्यासारखं वाटायचं. दर काही खवल्यांनंतर तो लाख ऊन करायचा, ठसा उठवायचा आणि ओठावरून उलटा फिरवायचा. घसरलं की पुन्हा छिन्नी. पोरं बघायची, गालातल्या गालात हसायची. मग एके दिवशी त्याने पाहिलं की मनिषही आपला ठसा ओठाला लावतोय.

होळीच्या आधी पोलादाला पाणी पाजलं गेलं. डाय मुंबईला गेली. शेटच्या मुलाने फोनवर सांगितलं की जुन्या पानाशेजारी ठेवलं, आमच्या कारागिराला कुठलं कुठलं ते सांगता आलं नाही. सुनिलला मात्र सांगता आलं असतं. जुन्या मासोळीचे खवले डोळ्यांनी केलेले होते, ह्या मासोळीचे ओठाने. हिचे किंचित अधिक अडकत होते.

शेवटचा ठसा घेऊन तो हिराबाईकडे गेला. उन्हं कलली होती. तिने मासा ओठावरून फिरवला, उलटा, सुलटा, पुन्हा उलटा. मग ठसा पदराच्या टोकात बांधला आणि गाठ मारली. आत जाऊन गूळ-खोबरं घेऊन आली.

दोघं ओटीवर खात बसली. समोर माडांच्या पलीकडे समुद्र होता आणि भरतीबरोबर होड्या परतायला लागल्या होत्या. हिराबाईला तो नुसता उजेड दिसत असणार.

"लांबचं दिसतं ना तुला आता?" तिने विचारलं.

"दिसतं, बाय."

"मग सांग."

सुनिलने चष्मा काढून खिशात ठेवला. पुढे सरकून बसला, गुडघ्यांवर कोपरं टेकवून, पूर्वी केळीच्या पानावरच्या बोयीपुढे गुंगला होता तसा. आणि सांगायला लागला. पहिल्या होडीचं निशाण निळं आहे, कडेला फाटलंय. नाळीवर, होडीच्या पुढच्या टोकाला, एक माणूस उभा आहे, त्याने डोक्याचा रुमाल सोडलाय आणि तो झटकतोय. मागे दुसरी होडी, तिच्यावर बगळे घिरट्या घालतात, म्हणजे जाळ्यात काहीतरी आहे.

"किती बगळे?" हिराबाईने विचारलं.

तो मोजायला लागला.